भिंतीविना मठ : मेरी वॉर्ड आणि धर्मभगिनींची घडण

आजचा विषय कॅथलिक धर्मभगिनींचं जीवन आणि त्यांची घडण असा आहे. पण सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करतो. मराठीत 'कॉन्व्हेंट' म्हणजे काय? इंग्रजी माध्यमाची शाळा. लग्नाच्या जाहिरातींत 'कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली' हे एकेकाळी गोऱ्या रंगाच्या खालोखालचं विशेषण होतं. विदर्भात तर बालवाडीलाच कॉन्व्हेंट म्हणतात. चर्चशी काडीचा संबंध नसलेल्या शाळेच्या पाटीवर सुद्धा हा शब्द दिमाखात असतो. मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. व्रत घेतलेल्या स्त्रिया जिथे एकत्र राहतात तो मठ म्हणजे कॉन्व्हेंट. चारशे वर्षांपूर्वी हा शब्द ऐकल्यावर युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी फळा-खडू येत नसे, उंच भिंत येत असे. मठाचा शब्द शाळेला कसा चिकटला, म्हणजे भिंतीआडची बाई वर्गात, इस्पितळात आणि रस्त्यावर कशी आली, हे आज बघायचं आहे. ही वाट सरळ नाही. तिच्यावर एक बाई तुरुंगात गेली आहे.

आधी भिंत समजून घेऊ. ती बघायला युरोपात जायची गरज नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे. बॉम जेझसचं चर्च पाहून बहुतेक पर्यटक परत फिरतात, पण टेकडीच्या बाजूला थोडं चढून गेलात तर तीन मजल्यांची, भल्यामोठ्या टेकूंनी तोलून धरलेली ही इमारत दिसते. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ साली तिची पायाभरणी केली. हेच मेनेझिस केरळातल्या उदयंपेरूरच्या १५९९च्या धर्मसभेमुळे आपल्याकडच्या इतिहासात गाजलेले आहेत. बांधकाम १६२७ साली पुरं झालं, १६३६ साली आगीत सगळं जळालं, पुन्हा बांधलं. आशियातला स्त्रियांचा हा अगदी सुरुवातीचा मठ. शंभर जणींची मर्यादा घातलेली, आणि ती भरलेली.

आत गेलेली मुलगी पुन्हा बाहेर येत नसे. आई मेली तरी नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी एक दालन, त्याला लोखंडी जाळी. जिन्नस आत-बाहेर करायला भिंतीत बसवलेलं गोल फिरतं लाकडी पिंप असे, पोर्तुगीजांत त्याला 'रोदा' म्हणजे चाक म्हणतात. बाहेरच्याने वस्तू ठेवायची, पिंप फिरवायचं. हात दिसत नाही, तोंड दिसत नाही. गोव्याची बिबिंका याच मठात बिबियाना नावाच्या सिस्टरनं पहिल्यांदा केली असं सांगतात. पुरावा मागू नका, गोष्ट गोड आहे.

ही बंदिस्ती कुठून आली? तिला क्लॉझुरा म्हणतात. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ साली फतवा काढला की सगळ्या नन्सनी कायमचं मठाच्या आत राहावं. फतवा निघाला, पण शतकानुशतकं तो ढिलाच राहिला. पुढे प्रोटेस्टंट चळवळीनं मठांवर सडकून टीका केली तेव्हा कॅथलिक चर्च जागं झालं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ साली जुना नियम पुन्हा घट्ट केला आणि पाचवे पायस यांनी १५६६ साली तो झाडून सगळ्या नन्सना लागू केला. ज्यांना बंदिस्त राहायचं नव्हतं अशा बायकांच्या छोट्या-छोट्या मंडळ्या होत्या, त्यांनाही. कॅथलिक जगात स्त्रीला दोनच जागा उरल्या. लॅटिनमध्ये त्याची म्हणच होती: नवरा नाहीतर भिंत.

आता इथे एक तुलना सुचते ती सांगतो. आपल्याकडे संन्यासिनी म्हटल्यावर भिंत आठवत नाही. महानुभाव पंथात संन्यास घेतलेल्यांना, बायकांनाही, अटन सांगितलं आहे, एका जागी ठाण मांडायचं नाही. जैन साध्वी आजही पायी विहार करतात. आपल्याकडे स्त्रियांना फार मोकळीक होती असं मला सुचवायचं नाही, तेवढा मी भाबडा नाही. मुद्दा एवढाच की संन्यास आणि चार भिंती यांचं लग्न अटळ नव्हतं, ते कुणीतरी लावून दिलेलं होतं.

लग्नावरून आठवलं, भिंतीमागे हुंडाही होता. इटलीत, पोर्तुगालात चांगल्या घरातल्या मुलीचा हुंडा इतका वाढला की दोन-तीन मुली असलेला बाप एकीचं लग्न लावी आणि बाकीच्यांना मठात घाली. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो पुष्कळ स्वस्त पडे. ट्रेंटच्या परिषदेला हे माहीत होतं. म्हणून तिनं नियम केले की सोळा वर्षं पुरी झाल्याशिवाय आणि वर्षभर उमेदवारी केल्याशिवाय व्रत घेऊ द्यायचं नाही, बिशपनं मुलीला विचारून खात्री करून घ्यायची की ती मनापासून येते आहे, आणि जबरदस्ती करणाऱ्याला चर्चबाहेर काढायचं. कागदावर उत्तम. पण जन्मभर ज्याच्या घरात वाढली त्या बापाविरुद्ध सोळा वर्षांची मुलगी बिशपसमोर काय बोलणार? व्हेनिसमध्ये आर्कांजेला ताराबोत्ती नावाची एक नन होऊन गेली, १६०४चा जन्म. तिला असंच घातलं होतं. तिनं आत बसून ग्रंथ लिहिले. एकाचं नावच मठातला नरक अशा अर्थाचं आहे, दुसऱ्याचं बापांची जुलूमशाही. गोव्यात उलटी तक्रार झाली. सांता मोनिकात मुलींबरोबर संपत्तीही जाते आणि लग्नाला मुली उरत नाहीत, म्हणून शहराच्या नगरसभेनं राजाकडे गाऱ्हाणं नेलं. मुलगी काय म्हणते, हा प्रश्न दोन्हीकडे शेवटचा.

हे चित्र एकांगी होऊ नये म्हणून सांगतो. भिंतीच्या आत बायका लिहायला-वाचायला शिकल्या, गायल्या, हिशेब सांभाळले, मतदानानं आपली प्रमुख निवडू लागल्या. सतराव्या शतकात बाळंतपणांच्या फेऱ्यातून सुटका हवी असलेल्या, वाचनाची ओढ असलेल्या बाईला दुसरी जागा नव्हती. आविलाची तेरेसा ही प्रथम श्रेणीची लेखिका मठातच घडली. काही मुली त्या दारातून आनंदानं आत गेल्या, हेही खरंच आहे.

सांता मोनिकाची पायाभरणी झाली त्याच वर्षी, १६०६ साली, एकवीस वर्षांची एक इंग्रज मुलगी समुद्र ओलांडून आजच्या फ्रान्समधल्या सेंट ओमेर या गावी उतरली. तिचं नाव मेरी वॉर्ड. जन्म १५८५, यॉर्कशर. घर कॅथलिक, आणि एलिझाबेथच्या इंग्लंडात कॅथलिक असणं हा गुन्हा. सरकारी चर्चमध्ये हजर राहिलं नाही तर महिन्याला वीस पौंड दंड. तिच्या आजीनं धर्मापायी कित्येक वर्षं तुरुंगात काढली होती. संसद उडवून द्यायचा जो कट १६०५ साली उघडकीला आला, त्यात तिचे दोन सख्खे मामा मारले गेले.

या मुलीनं मठ पाहिलेलाच नव्हता. इंग्लंडमधले सगळे मठ आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४०च्या दरम्यान मोडून टाकले होते. नातेवाइकांच्या घरी ती राहत असताना तिथली एक म्हातारी मोलकरीण शिवणकाम करता-करता जुन्या काळच्या नन्सच्या गोष्टी सांगायची. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मठांच्या ऐकीव गोष्टी. त्या ऐकून मेरीनं पंधराव्या वर्षी ठरवलं की आपण लग्न करायचं नाही. घडण सुरू होते ती अशी, अभ्यासक्रमाच्या फार आधी, आणि बहुधा स्वयंपाकघरात.

सेंट ओमेरला तिला पुअर क्लेअर या अतिशय कडक संघात घेतलं, पण खालच्या दर्जाची सेविका-सिस्टर म्हणून. हा दर्जाचा प्रकार नीट लक्षात घ्या. मठात दोन वर्ग असत. वरच्या सिस्टर्स लॅटिन प्रार्थना म्हणत, त्या हुंडा आणलेल्या. खालच्या झाडलोट, स्वयंपाक करत आणि बाहेरची कामं बघत. गोव्यात यात वंशही मिसळला. काळं वस्त्र डोक्यावर घेणाऱ्या बहुतेक पोर्तुगीज रक्ताच्या, इथल्या बाया मुख्यतः पांढऱ्यात. सरदारी घरातली मेरी वर्षभर सेंट ओमेरच्या रस्त्यांवर मठासाठी भीक मागत हिंडली. तिला ते जमेना असं नाही, पण ही आपली जागा नव्हे एवढं तिला कळलं. मग तिनं इंग्रज मुलींसाठी वेगळा पुअर क्लेअर मठ उभा करून दिला. त्या मठात स्वतः नॉव्हिस असताना, म्हणजे नवदीक्षिता असताना, १६०९च्या मे महिन्यात तिला पुन्हा जाणवलं की हेही नाही. उभा केलेला मठ सोडून ती लंडनला आली.

लंडनमध्ये छुपेपणानं कॅथलिकांमध्ये काम करत होती. कपडे अर्थातच साधे घरंदाज बाईचे, नाहीतर पकडली गेली असती. एका सकाळी आरशासमोर केस विंचरताना तिला जो अनुभव आला तो तिच्या चरित्रातला मोठा टप्पा मानतात. आऊग्सबुर्गला तिच्या आयुष्यावरची पन्नास चित्रं आहेत, त्यांत हा आरसाही आहे. साक्षात्काराच्या खरेखोटेपणात मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून पडत नाही. पण जागा बघा. वेदीसमोर नाही, खोलीत कोंडून घेतलेली नाही, रोजचे केस विंचरताना. तिच्या पुढच्या सगळ्या विचाराचं बीज या जागेत आहे असं मला वाटतं.

काही मैत्रिणींना घेऊन ती सेंट ओमेरला परतली, मुलींची शाळा काढली आणि १६११ साली तिला उत्तर मिळालं: जेझुइटांचं जे आहे तेच घ्यायचं. आता याचा अर्थ नीट समजावून सांगायला हवा, कारण सगळा झगडा इथे आहे.

इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात जेझुइट संघ काढला तेव्हा त्यानं साधूची जुनी कल्पनाच फिरवली. जुना साधू मठात राहतो, ठरलेल्या प्रहरी एकत्र प्रार्थना म्हणतो, ठरलेला वेश घालतो. म्हणजे त्याची शिस्त सांभाळायला घंटा आहे, भिंत आहे, शेजारचा साधू आहे. जेझुइटाला यातलं फारसं काही नाही. तो आज गोव्यात, उद्या चीनच्या दरबारात. मग त्याला सांभाळतं काय? घडण. दोन वर्षांची उमेदवारी, तिच्यात तीस दिवसांची मौनातली आध्यात्मिक साधना. दिवसातून दोनदा स्वतःच्या मनाची झडती: आज कशानं ओढला गेलो, कशाला भ्यालो, कुठे स्वतःलाच फसवलं. मग लांबलचक अभ्यास, मध्ये इस्पितळात काम, यात्रेला पायी जाणं, पुढे शेवटच्या व्रताआधी पुन्हा एक वर्ष उमेदवारी. थोडक्यात, भिंत माणसाच्या आत बांधायची आणि मग त्याला जगात सोडायचं. आपल्याकडे ज्याला शील म्हणतात त्याच्या ही बरीच जवळची कल्पना आहे.

मेरी वॉर्डनं हे सगळं स्त्रियांसाठी मागितलं. बंदिस्ती नको. ठरावीक वेश नको. गावोगावच्या बिशपच्या हाताखाली नको; सगळ्या घरांवर एक स्त्री प्रमुख, आणि ती थेट पोपला जबाबदार. इथे एक विनोदही आहे. इग्नेशियसला स्त्रियांची शाखा नको होती. त्यानं पोपकडून तशी सूट लेखी मिळवून ठेवली होती. म्हणजे जेझुइटांनाही ही बाई नको होती. त्यांच्यातल्या एका पुढाऱ्यानं सेंट ओमेरमधल्या या बायकांबद्दल शेरा मारला की सध्याचा उत्साह ठीक, पण शेवटी त्या बायकाच. मेरीच्या कानावर ते आलं. १६१७ साली तिनं आपल्या सहकारिणींपुढे याचा समाचार घेतला. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा: उत्साह थंड पडतो तो आपण अपूर्ण माणसं आहोत म्हणून, बाई आहोत म्हणून नव्हे, सत्य जाणण्याच्या बाबतीत स्त्री-पुरुष असा भेद नाही. हे देकार्तच्या ग्रंथांच्या वीस वर्षं आधी. मी चाळीस वर्षं वर्गात देकार्त शिकवला, पण या बाईचा उल्लेख कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

त्याआधी १६१५ साली एका पत्रात तिनं आपल्या कल्पनेतली माणसाची स्थिती सांगितली आहे, तिचे तीन शब्द: स्वातंत्र्य, न्याय, सचोटी. मठाच्या उमेदवारीचा हेतू म्हणून आपण सहसा कोणते शब्द ऐकतो? नम्रता, आज्ञापालन, मौन. तेही तिच्याकडे आहेत, पण पाया हा आहे. शिवाय हसतमुखपणावर तिचा कटाक्ष होता. शाळेत मुलींना लॅटिन शिकवत, त्यांच्याकडून नाटकं करवून घेत. मुलींनी नाटकं करावीत यावर अर्थातच आरडाओरड झाली.

१६२१च्या ऑक्टोबरात ती पोपची परवानगी मिळवायला निघाली. यात्रेकरूच्या वेशात, बव्हंशी पायी, आल्प्स ओलांडून, नाताळच्या आदल्या दिवशी रोमला पोचली. रोमनं बोलणं गोड केलं, परवानगी दिली नाही. तिथे राहून तिनं घरं वाढवत नेली: लीज, कोलोन, ट्रिअर आधीच होती, मग रोम, नेपल्स, पेरुजा, म्युनिक, व्हिएन्ना, प्रेसबुर्ग म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा. विरोधकांनी नावं ठेवली, 'जेझुइटिणी', 'उधळलेल्या पोरी'.

१६३०च्या सुमारास उत्तरेकडची घरं पोपचे प्रतिनिधी बंद करू लागले. मेरीनं आपल्या सिस्टर्सना पत्र लिहिलं की हा हुकूम खुद्द पोपचा दिसत नाही, तेव्हा तो मानू नका. १३ जानेवारी १६३१ला आठव्या अर्बन पोपचं फर्मान निघालं. त्याची भाषा जहाल आहे. स्त्रीजातीच्या दुबळेपणाला आणि लज्जेला न शोभणारी, शास्त्र जाणणाऱ्या पुरुषांनाही अवघड अशी कामं या बायका अंगावर घेतात, सबब हा संघ मुळासकट उपटला आहे, त्यांची व्रतंही रद्द. फेब्रुवारीत म्युनिकमध्ये मेरीला पकडलं. आरोप: पाखंडी, फुटीर, चर्चविरुद्ध बंडखोर. कोंडलं कुठे? अँगरच्या मठात, पुअर क्लेअर सिस्टर्सच्या. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या संघात स्वतःहून शिरली होती, त्याच संघाच्या भिंतीत आता कैदी म्हणून.

सुमारे नऊ आठवडे ती तिथे होती. बाहेरच्या मैत्रिणी खायचे पदार्थ, कपडे पाठवत. गुंडाळायच्या कागदावर ती लिंबाच्या रसानं लिहून पाठवी आणि त्या कागद विस्तवावर धरून वाचत. त्यांतली बरीच पत्रं टिकली आहेत. मजकूर पुष्कळसा व्यवहारी आहे, कुणाला भेटा, काय सांगा, घाबरू नका.

तिथे ती इतकी आजारी पडली की मरणार असं सगळ्यांना वाटलं. अंत्यसंस्कार म्हणजे शेवटचं तेल हवं होतं. श्रद्धाळू कॅथलिकाला त्यावाचून मरण म्हणजे काय, हे आपण कल्पनेनंच समजू शकतो. तिला कागद पुढे केला गेला: चर्चविरुद्ध मी काही बोलले-वागले असेन तर त्याचा पश्चात्ताप आहे, अशा अर्थाचा. सही कर, तेल मिळेल. तिनं सही केली नाही. तिचं म्हणणं, यावर सही केली तर माझ्यावरचा पाखंडाचा आरोप मी कबूल केला असा अर्थ होतो. आणि माझ्या निष्पाप सहकारिणींवर तो डाग लागेल. संस्काराशिवाय मरेन. मग तिनं स्वतःच्या शब्दांत निवेदन लिहिलं, आपण जन्मभर चर्चशी एकनिष्ठ आहोत म्हणून. अखेर तेल मिळालं, आणि बाई बरी झाली.

मला या प्रसंगाशी थोडं थांबायचं आहे. आज्ञापालनाचं व्रत घेतलेली, संघ मोडल्याचा पोपचा हुकूम शिरोधार्य मानणारी बाई एका सहीला नकार देते. यात विसंगती आहे का? कांट म्हणेल की स्वतः स्वतःला घालून दिलेला नियम पाळणं हेच स्वातंत्र्य, आणि आज्ञापालनाचं व्रत म्हणजे विवेक दुसऱ्याकडे गहाण टाकणं. मला मेरीचं वागणं वेगळं दिसतं. पोप संघ मोडू शकतो, तो त्याचा अधिकार, संघ मोडला. पण मी खोटं बोलावं अशी आज्ञा कुणी देऊ शकत नाही, कारण ज्या सत्यासाठी व्रत घेतलं तेच मोडेल. आज्ञा कुठपर्यंत पोचते याची सीमा तिला माहीत होती. ही सीमा दाखवायला अँगरच्या खोलीत कुणी नव्हतं. रोजच्या त्या मनाच्या झडतीनं ती कळत असणार. रोमला शंका होती की भिंतीवाचून बायका टिकायच्या नाहीत. ही बाई भिंतीच्या आत टिकली, तेही भिंतीमुळे नव्हे.

आपल्याकडचा एक धागा इथे जोडतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सिस्टर्स अँग्लिकन, कॅथलिक नव्हेत. पुण्यात पंचहौदला काम होतं ते त्यांचंच. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापलेला आहे, अवश्य वाचा. सिस्टर म्हणतात, चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकावं. रमाबाई म्हणतात, एका पुरोहितशाहीतून सुटून मी दुसरीत कशाला जाऊ, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. मेरी वॉर्डनं संघात राहून जी सीमा आखली, रमाबाईंनी ती संघाबाहेर राहून आखली. सिस्टर जेराल्डीन यांचीही बाजू वाचताना मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते. शिष्याला आपल्यापेक्षा लांबचं दिसतं आहे हे ओळखणं कुठल्याही गुरूला जडच जातं.

पुढचा भाग भराभर सांगतो. रोमनं मेरीला पाखंडाच्या आरोपातून मोकळं केलं, पण संघ दिला नाही. ती इंग्लंडला परतली, तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, आणि १६४५ साली यॉर्कजवळ वारली. ऑस्बाल्डविकच्या चर्चमधल्या तिच्या दगडावर गरिबांवरच्या प्रेमाचा उल्लेख आहे, ती संन्यासिनी होती हे नाही. मोजक्या सहकारिणी व्रतांशिवाय, नावाशिवाय शाळा चालवत राहिल्या. लोक त्यांना 'इंग्रज बाया' म्हणत. १७०३ साली त्यांच्या ८१ नियमांना मंजुरी मिळाली. १७४९ साली चौदावे बेनेडिक्ट म्हणाले, संस्था चालू द्या, पण मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणायचं नाही. १८७७ साली संघाला मान्यता. संस्थापिका म्हणायची परवानगी १९०९ साली. आपण कुणाच्या लेकी आहोत हे म्हणायला एकशे साठ वर्षं लागली! तोवर युरोपात भिंतीबाहेर काम करणाऱ्या सिस्टर्स हजारोंनी झाल्या होत्या. विन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी त्यांना 'नन' म्हणायचंच टाळलं, वर्षावर्षाची साधी व्रतं दिली आणि कायद्याच्या चिमट्यातून त्या सुटल्या. या साध्या व्रतांच्या बायकाही खऱ्या संन्यासिनी आहेत, हे तेरावे लिओ यांनी १९०० साली मान्य केलं. तरी अडथळे होतेच: सिस्टर्सनी बाळंतपणं करू नयेत हा नियम १९३६पर्यंत होता. रावळपिंडीपासून पाटण्यापर्यंत पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नव्हत्या, आणि डॉक्टर सिस्टरला परवानगी नव्हती. अशा नियमांची किंमत कोण मोजतं, ते यावरून कळतं.

मेरी वॉर्डच्या परंपरेतली आयर्लंडची शाखा म्हणजे लोरेटो. त्यांच्या सिस्टर्स १८४१च्या डिसेंबरात कलकत्त्याला उतरल्या. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट'ला शाळेचा अर्थ आला तो अशाच अनेक संघांमुळे. १९२८ साली स्कोप्येची एक अठरा वर्षांची मुलगी लोरेटोत दाखल झाली, १९२९च्या जानेवारीत कलकत्त्याला आली, दार्जिलिंगला उमेदवारी केली, १९३१ साली पहिली व्रतं, १९३७ साली कायमची. ही पुढची मदर टेरेसा. सुमारे सतरा वर्षं त्या कलकत्त्यात शिक्षिका होत्या. वस्तीत जाऊन राहावं असं त्यांना १९४६ साली वाटलं तेव्हा काय झालं? मठाबाहेर राहण्यासाठी रोमहून लेखी परवानगी आणावी लागली. ती यायला १९४८ उजाडलं. भिंत नको म्हणून जिचा संघ मोडला गेला, तिच्याच लेकींच्या घरात तीनशे वर्षांनी भिंत अशी मुरली होती. संस्था टिकायची तर शत्रूची एखादी सवय उचलते, त्यातला हा प्रकार. बाहेर पडल्यावर मदर टेरेसा आधी पाटण्याला शुश्रूषा शिकायला गेल्या, ती डॉक्टर सिस्टर्सच्या इस्पितळात.

आता घडणीची दुसरी बाजूही बोललं पाहिजे, नाहीतर आजचं भाषण स्तोत्र होईल. भिंत आत बांधता येते हे खरं, पण आतली भिंत बाहेरच्यापेक्षा वाईटही बांधता येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक नॉव्हिशिएटमध्ये सिस्टर्सची पत्रं सुपीरियर उघडून वाचत. ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर गुडघे टेकून आपल्या चुका सांगायच्या: बशी फोडली, मौनात बोलले, दार आपटलं. कुणा एकीशी जास्त मैत्री करायची नाही. काही संघांत घरी जाणं वर्ज्य. यातून काही फार मोठ्या मनाच्या बायका घडल्या, आणि काही बायका आयुष्यभर स्वतःची चप्पलसुद्धा न विचारता घेऊ शकल्या नाहीत. स्वतःची झडती स्वतः घेणं आणि दुसऱ्यानं आपली झडती घेणं, यांत फरक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली सांगितलं की प्रत्येक संघानं आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे जावं. बऱ्याच जुन्या रीती गेल्या, वरच्या-खालच्या सिस्टर्स हा भेद गेला. आज चर्चच्या कायद्यानं निदान बारा महिने नॉव्हिशिएट, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, मग कायमची. मध्ये कधीही दार उघडं. मेरी वॉर्डच्या लेकींना मूळ प्रेरणेकडे जाणं म्हणजे काय ते शोधावं लागलं नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका शाखेनं इग्नेशियसची घटना जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली, जी मेरीनं १६२१ साली पायी चालत जाऊन मागितली होती. २००९ साली पोपनं तिला 'पूजनीय' घोषित केलं.

आणि सांता मोनिका? पोर्तुगालनं १८३४ साली पुरुषांचे संघ बरखास्त केले. बायकांच्या मठांना हात लावला नाही, फक्त नवी मुलगी घ्यायची नाही एवढाच नियम केला. म्हणजे आतल्या होत्या त्या तशाच राहिल्या, म्हाताऱ्या होत गेल्या. शंभर जणींसाठी बांधलेल्या त्या वाड्यात शेवटची सिस्टर १८८५ साली वारली. १९६४पासून त्याच इमारतीत 'मातेर देई' ही संस्था आहे. वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर्स तिथे बायबल आणि धर्मशास्त्र शिकायला येतात, अभ्यास पुरा करतात आणि आपापल्या कामावर परत जातात.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.